ओरंगी पथदर्शी प्रकल्प

पाकिस्तानातील कराची शहराच्या वायव्य भागात असलेल्या ओरंगी या वसाहतीत १९८० साली सुरू झालेला नागरी सुधारणेचा प्रकल्प. गल्लीतील रहिवाशांनी एकत्र येऊन आपल्या गल्लीच्या गटाराची आखणी करावी, त्यासाठी लागणारा पैसा आपसांतील वर्गणीतून उभारावा आणि काम स्वतःच्या देखरेखीखाली पार पाडावे, हे या प्रकल्पाचे मूलसूत्र होय. प्रकल्पाची संस्था स्वतः बांधकाम करीत नाही व रहिवाशांकडून पैसेही घेत नाही; ती केवळ पाहणी, नकाशे, खर्चाचे अंदाज, अवजारे आणि तांत्रिक मार्गदर्शन पुरविते. या पद्धतीने सु. दीड दशकाच्या अवधीत ओरंगीतील बहुसंख्य गल्ल्यांतून भुयारी गटारे बांधली गेली. अल्प उत्पन्नाच्या लोकांनी शासकीय अनुदानाशिवाय उभारलेल्या नागरी सोयींचे एक प्रमुख उदाहरण म्हणून नगररचना, सार्वजनिक आरोग्य व समाजशास्त्र या विषयांच्या अभ्यासात त्याचा वारंवार उल्लेख होतो.

ओरंगीची वसाहत : कराचीची लोकसंख्या १९४१ साली सु. साडेचार लाख होती. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांमुळे ती १९५१ साली दहा लाखांच्या पुढे गेली. पुढेही देशाच्या सर्व भागांतून रोजगारासाठी लोक येत राहिले. या वाढीच्या मानाने शासकीय गृहनिर्माण फार अपुरे पडल्यामुळे शासनाच्या मालकीच्या पडीक जमिनींवर ‘कच्ची आबादी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत वस्त्या वाढल्या. १९६५ च्या सुमारास ओरंगीत अशी वस्ती होऊ लागली. १९७१ मध्ये बांगला देश स्वतंत्र झाल्यानंतर तेथून आलेल्या बिहारी मुसलमानांमुळे तिची वाढ विशेष झपाट्याने झाली. मुहाजिर, बिहारी, पठाण, पंजाबी, सिंधी व बलुच अशा निरनिराळ्या समाजांचे लोक येथे राहतात. त्यांत रोजंदारीवरील मजूर, कारागीर, छोटे दुकानदार व कनिष्ठ नोकरवर्ग यांचा भरणा मोठा असून बनारसी वस्त्रे विणणाऱ्या विणकरांच्या वस्तीमुळे एक भाग ‘बनारस’ या नावानेच ओळखला जातो. १९८० नंतरच्या दशकात ओरंगीची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात असल्याचे मानले जात होते.

ही वसाहत अनधिकृत असली, तरी अस्ताव्यस्त नव्हती. जमिनीचे दलाल मोकळ्या जागेवर सरळ रेषेत गल्ल्या आखीत, सु. १२० चौरस यार्डांचे भूखंड पाडून विकीत आणि आरंभी टँकरने पाणी पुरविण्याची व्यवस्थाही करीत. स्थानिक भाषेत ‘थल्ला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधकाम-सामानाच्या वखारींतून सिमेंटचे ठोकळे, पत्रे व इतर सामान उधारीवर मिळे आणि वखारवाला गवंडीकामातही सल्ला देई. अशा रीतीने प्रत्येक कुटुंबाने आपले घर शासनाच्या साहाय्यावाचून उभे केले होते. मात्र घराच्या उंबऱ्याबाहेरची गल्ली ही कोणा एकाची नसल्यामुळे तिची निगा राखणारे कोणी नव्हते. बऱ्याच घरांत टोपलीचे संडास असत. टोपल्यांतील मैला कित्येकदा गल्लीतच रिकामा केला जाई. काही घरमालकांनी शोषखड्डे खोदले होते. परंतु ते काही वर्षांत भरून जात. सांडपाणी उघड्या चरांतून गल्लीभर पसरे, घरांच्या पायांत मुरे व भिंतींना ओल आणी. विषमज्वर, हगवण, हिवताप, खरूज यांसारख्या रोगांचा प्रादुर्भाव नेहमीचाच होता. दिवसाचा बहुतेक वेळ घरात व गल्लीत घालविणाऱ्या स्त्रिया व मुले यांना या घाणीचा उपद्रव सर्वांत अधिक होई.

प्रकल्पाचा आरंभ : आगा हसन अबेदी हे प्रमुख असलेल्या बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल या बँकेच्या प्रतिष्ठानाने ओरंगीत काही समाजोपयोगी कार्य सुरू करण्याचे ठरविले व ते अख्तर हमीद खान (१९१४–९९) यांच्याकडे सोपविले. (ही बँक १९९१ मध्ये बंद पडली, तथापि प्रकल्पाचे कार्य अन्य साहाय्याच्या आधारे पुढे चालू राहिले.) खान यांचा जन्म आग्रा येथे झाला. ते ब्रिटिश अमदानीत भारतीय सनदी सेवेत अधिकारी होते. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाच्या अनुभवानंतर त्यांनी त्या सेवेचा त्याग केला, अलीगढजवळच्या एका खेड्यात काही काळ मजूर व कुलूपदुरुस्ती करणारा कारागीर म्हणून काम केले आणि पुढे अध्यापन पतकरले. तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील कोमिल्ला येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामविकास अकादमीचे ते संचालक होते. तेथील सहकारी ग्रामविकासाच्या प्रयोगाची जगभर दखल घेतली गेली व १९६३ मध्ये त्यांना रामोन मागसायसाय पुरस्कार मिळाला.

ओरंगीत आल्यावर खान यांनी कोणतीही योजना जाहीर केली नाही. पहिले काही महिने ते वस्तीत फिरून लोकांशी बोलत राहिले. लोकांच्या सांगण्यातून मैलापाण्याचा निचरा, रोजगार, आरोग्य व शिक्षण असे चार प्रश्न पुढे आले. त्यांपैकी निचऱ्याचा प्रश्न लोकांना सर्वांत निकडीचा वाटत होता. मात्र त्यावरील उपायाविषयी त्यांची समजूत एकच होती : गटारे बांधणे हे शासनाचे काम असून ते शासनाने फुकट करून द्यावे. शासनाला तेवढा खर्च झेपत नव्हता आणि परदेशी कर्ज काढून काम केल्यास येणारा खर्च लोकांकडून वसूल होण्यासारखा नव्हता. या कोंडीतून मार्ग शोधणे हे प्रकल्पाचे पहिले कार्य ठरले. वास्तुविशारद आरिफ हसन हे प्रकल्पाचे सल्लागार झाले. पुढे परवीन रहमान (१९५७–२०१३) या तरुण वास्तुविशारद त्यात दाखल झाल्या व कालांतराने प्रकल्पाच्या संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संचालिका बनल्या.

चार अडसर : लोकांनी स्वतः गटार बांधण्याच्या मार्गात चार प्रकारचे अडसर असल्याचे प्रकल्पाच्या पाहणीतून दिसून आले. पहिला मानसिक : घरातील संडास माझा, पण गल्ली सरकारची, ही समजूत. दुसरा सामाजिक : गल्लीतील गटार एकट्याने बांधता येत नाही आणि सर्वांनी मिळून काम करण्यासाठी लागणारी संघटना अस्तित्वात नव्हती. तिसरा आर्थिक : कंत्राटदारामार्फत होणाऱ्या कामाचा दर रहिवाशांच्या आवाक्याबाहेरचा होता. चौथा तांत्रिक : जमिनीचा उतार काढणे, काँक्रीटचे योग्य मिश्रण करणे, नळांचे सांधे भरणे यांचे ज्ञान लोकांना व स्थानिक गवंड्यांनाही नव्हते. या चारही अडसरांचा विचार एकाच वेळी करणे अवश्य होते. दर उतरविल्याखेरीज लोक वर्गणी देणार नाहीत, संघटना झाल्याखेरीज दर उतरणार नाही आणि सदोष काम झाल्यास पुढील गल्लीचा विश्वास बसणार नाही, अशी ती परस्परावलंबी साखळी होती.

कार्यपद्धती : कामाचे एकक म्हणून संपूर्ण वसाहत किंवा प्रभाग न घेता गल्ली निवडण्यात आली. एका गल्लीत साधारणतः २० ते ४० घरे असतात. एवढ्या लहान समूहात माणसे एकमेकांना ओळखतात, कोणी किती पैसे दिले व ते कोठे खर्च झाले हे सर्वांना दिसते आणि नेतृत्वासाठी मोठ्या पुढाऱ्याची गरज पडत नाही. प्रकल्पाचे सामाजिक संघटक गल्लीत जाऊन सभा घेत व चित्रपट्ट्या, नमुने आणि तक्ते यांच्या साहाय्याने भुयारी गटाराची रचना, खर्च व फायदे समजावून देत. मदत मिळण्यासाठी एकच अट असे : संपूर्ण गल्लीने एकत्र येऊन आपल्यातील एक गल्लीप्रमुख निवडावा आणि त्याने सर्वांच्या वतीने प्रकल्पाकडे मागणी करावी.

मागणी आल्यावर प्रकल्पाचे तंत्रज्ञ तलमापी यंत्राने गल्लीची पाहणी करीत, उतार ठरवीत, नकाशा काढीत आणि साहित्य व मजुरी यांचा अंदाज गल्लीप्रमुखाच्या हाती देत. येथून पुढची जबाबदारी गल्लीची असे. गल्लीप्रमुख प्रत्येक घराचा वाटा सांगे, वर्गणी गोळा करी, सामान खरेदी करी व खोदाईचे काम वाटून देई. काही कुटुंबे स्वतः खोदकाम करीत, तर काही मजूर लावीत. हिशेब गल्लीसमोर मांडला जाई. प्रकल्प फावडी, साचे इ. साधने तात्पुरती उसनी देई व कामावर देखरेख करणाऱ्यांना मार्गदर्शन करी.

सर्वांच्या सहभागाचा आग्रह धरण्यामागे केवळ नैतिक विचार नव्हता. गटाराच्या रचनेतूनच तो उद्‌भवतो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घराला काही फुटांचा नळ पुरतो. परंतु गल्लीच्या वरच्या टोकाच्या घराचे पाणी इतर सर्व घरांसमोरून वाहून न्यावे लागते. प्रत्येकाने आपल्या दारापुरते बांधायचे ठरविले, तर वरच्या घराचे पाणी खालच्या घरासमोर साचते. प्रत्येकाने स्वतःच्या अंतराप्रमाणे पैसे द्यायचे म्हटले, तर शेवटच्या घरावर असह्य भार पडतो. म्हणून समान वाटणी हाच सर्वांना परवडणारा मार्ग ठरतो. वर्गणी न देणाऱ्या एखाद्या घराला वगळले, तरी त्याचे सांडपाणी गल्लीतच राहते व सर्वांनाच त्रास देते. त्यामुळे अशा घराची समजूत घालणे किंवा अत्यंत गरीब शेजाऱ्याचा भार इतरांनी उचलणे, हे गल्लीच्याच हिताचे होते.

ज्या गल्ल्या नैसर्गिक नाल्याच्या काठी होत्या, त्यांचे पाणी थेट नाल्यात सोडता येत असल्याने १९८१ पासून सुरू झालेली आरंभीची कामे मुख्यतः अशा गल्ल्यांत झाली. त्यांचे स्वच्छ व कोरडे रूप पाहून शेजारच्या गल्ल्यांतून मागणी येऊ लागली. नाल्यापासून दूर असलेल्या गल्ल्यांना मात्र आधी दुय्यम गटार हवे होते. त्यासाठी अनेक गल्लीप्रमुखांनी एकत्र येऊन संयुक्तपणे दुय्यम गटारे बांधली. पुढे अभियांत्रिकी व वास्तुकला यांच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने संपूर्ण वसाहतीची तपशीलवार पाहणी करण्यात आली व तुटक कामे एका जाळ्यात बसविता आली.

तांत्रिक बाजू : गटार स्वतःच्या प्रवाहाने साफ राहावे यासाठी त्याला पुरेसा उतार लागतो. उदा., ९० मी. लांबीच्या गल्लीत दर १०० मी. ला १ मी. असा उतार ठेवावयाचा झाल्यास वरच्या व खालच्या टोकांच्या पातळीत ९० सेंमी. फरक पडतो आणि जमीन सपाट असल्यास खालच्या टोकाला तितके खोल खणावे लागते. ही खोली व पर्यायाने खर्च कमी करण्यासाठी घरातील संडास व गल्लीतील गटार यांच्यामध्ये एक लहान हौदी बांधण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. घनपदार्थ हौदीत तळाशी राहतात व फक्त पाणी पुढे जाते. परिणामी नळ तुंबत नाहीत व कमी उतारही चालतो. हौदी वेळोवेळी साफ करण्याची जबाबदारी त्या त्या घराची असते.

मॅनहोल बांधण्यासाठी पोलादी साचे तयार करण्यात आले. त्यांत जागेवरच काँक्रीट ओतून गोल मॅनहोल करता येत असल्याने कुशल गवंड्याचे काम कमी झाले व एकच साचा अनेक गल्ल्यांत वापरता आला. प्रारंभीच्या काही गल्ल्यांतील काम निकृष्ट झाले होते. काँक्रीटमध्ये सिमेंटचे प्रमाण चुकणे, वाळूत माती असणे आणि ओतलेल्या काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी न मारणे ही त्याची मुख्य कारणे होती. या चुका लपविण्याऐवजी त्यांची नोंद करून गल्लीतील सभांतून व पत्रकांतून मिश्रणाचे प्रमाण आणि पाणी मारण्याचे महत्त्व पुनःपुन्हा समजावून देण्यात आले. १९८२ नंतर काही काळ संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक संस्थेचे सल्लागारही ओरंगीत काम करीत होते. आधी सर्वंकष आराखडा व ठरावीक उद्दिष्टे आणि मग काम, असा त्यांचा क्रम होता; करता करता शिकणे व मागणी येईल तेथे काम करणे, हा प्रकल्पाचा क्रम होता. या दोन्ही पद्धतींचा मेळ बसला नाही.

खर्च : १९८० नंतरच्या दशकात घरातील संडास, गल्लीतील गटार व दुय्यम गटारातील वाटा मिळून एका घराला सु. १,००० पाकिस्तानी रुपये खर्च येई. शासकीय यंत्रणेमार्फत होणाऱ्या अशाच कामाच्या मानाने हा खर्च अनेक पटींनी कमी होता. या तफावतीची कारणे उघड आहेत. गल्लीच्या कामात कंत्राटदाराचा नफा नव्हता, अधिकाऱ्यांना द्यावी लागणारी चिरीमिरी नव्हती, देखरेखीसाठी पगारी नोकर नव्हते आणि रचना गरजेपुरती साधी होती. शिवाय ज्यांचा पैसा खर्च होत होता तेच खड्ड्याशेजारी उभे राहून काम पाहत होते. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सु. ६,००० गल्ल्यांतील ९०,००० हून अधिक घरांना या पद्धतीने गटाराची सोय झाली व त्यासाठी रहिवाशांनी स्वतःचे सु. ८ कोटी रुपये खर्च केले. त्या मानाने संशोधन, प्रशिक्षण व मार्गदर्शन यांवर झालेला प्रकल्पाचा खर्च अल्प होता.

अंतर्गत व बाह्य घटक : या अनुभवातून प्रकल्पाने जबाबदारीच्या वाटणीचे एक तत्त्व मांडले. मैलापाण्याच्या व्यवस्थेचे चार स्तर पडतात : घरातील संडास, गल्लीतील गटार, अनेक गल्ल्यांचे पाणी एकत्र करणारे दुय्यम गटार आणि शेवटी मुख्य गटार व शुद्धीकरण केंद्र. यांपैकी पहिले तीन स्तर म्हणजे अंतर्गत विकास होय; ते लोकांना स्वतः उभारता, चालविता व दुरुस्त करता येतात. चौथा स्तर म्हणजे बाह्य विकास होय. त्याला लागणारा पैसा, जमीन व तंत्र वस्तीच्या शक्तीबाहेरचे असल्याने तो शासनानेच केला पाहिजे. प्रत्येक कामाच्या खर्चात लोकांनी काही टक्के भर घालावी, ही रूढ कल्पना होती. तीत हिशेब, दर व दर्जा यांवर लोकांचे नियंत्रण राहत नाही. प्रकल्पाने खर्चाऐवजी कामाचे घटकच वाटून घेण्याची कल्पना मांडली. तीत प्रत्येक पक्षाच्या वाट्याला स्वतंत्र काम येते व त्याची मालकीही स्पष्ट राहते. पाकिस्तानच्या २००६ च्या राष्ट्रीय स्वच्छता धोरणात या तत्त्वाचा स्वीकार करण्यात आला.

परिणाम : गटारे झाल्यावर गल्ल्या कोरड्या झाल्या, मुलांना खेळण्यास जागा मिळाली, घरांच्या किमती वाढल्या आणि लोक घरे सुधारण्यावर पैसा खर्च करू लागले. ओरंगीच्या पाहणी झालेल्या भागांत अर्भकमृत्यूचे प्रमाण १९८२ मध्ये दरहजारी सु. १३० होते, ते १९९१ मध्ये सु. ३७ वर आल्याचे नमूद करण्यात आले आहे. या घटीचे सर्व श्रेय गटारांना देता येणार नाही. लसीकरण, शिक्षण व उत्पन्नातील वाढ यांचाही तीत वाटा आहे. तथापि स्वच्छतेचा परिणाम त्यातून वगळताही येत नाही.

गल्लीच्या संघटनेचा उपयोग पुढे इतर कामांसाठी करण्यात आला. स्त्रियांच्या गल्लीतील सभांतून रोगप्रतिबंध, लसीकरण, कुटुंबनियोजन व परसबाग यांविषयी माहिती दिली जाऊ लागली. थल्ल्यांतील ठोकळे यंत्राने व अधिक मजबूत बनावेत यासाठी वखारवाल्यांना कर्ज व मार्गदर्शन देण्यात आले. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ओरंगी धर्मादाय न्यासामार्फत छोट्या व्यावसायिकांना तारणाशिवाय कर्जे मिळू लागली. लोकांनीच चालविलेल्या खाजगी शाळांनाही साहाय्य मिळाले. १९८८ मध्ये प्रकल्पाच्या निरनिराळ्या शाखांचे स्वायत्त संस्थांत रूपांतर झाले.

गल्लीपुरती एकजूट म्हणजे सर्व वस्तीची एकजूट नव्हे, हेही लवकरच दिसून आले. डिसेंबर १९८६ मध्ये ओरंगीतील कसबा व अलीगढ या वसाहतींत वांशिक हिंसाचार होऊन अनेकांचे प्राण गेले व घरे जाळण्यात आली. एका गल्लीत एकत्र वर्गणी काढणारे लोक शहरातील मोठ्या संघर्षापासून सुरक्षित राहू शकले नाहीत. मात्र अशा काळानंतरही गल्ल्यांची कामे पुन्हा सुरू झाली.

प्रसार : कराचीतील इतर कच्च्या आबाद्या तसेच हैदराबाद (सिंध), सक्कर इ. शहरांतून या पद्धतीचा अवलंब करण्यात आला. पंजाबातील फैसलाबादच्या हसनपुरा वस्तीत ‘अंजुमन समाजी बहबूद’ या स्थानिक संस्थेने गटारांबरोबरच पाणीपुरवठ्याचे कामही याच तत्त्वावर केले. पंजाबमधीलच लोधरां येथे लहान नगर व त्याच्या आसपासची खेडी यांसाठी हा प्रयोग करण्यात आला. जेथे स्थानिक कार्यकर्ते चिकाटीचे होते व तांत्रिक मार्गदर्शन सतत मिळत राहिले, तेथे तो रुजला. जेथे बाहेरून पैसा ओतून काम घाईने पूर्ण करण्याचा प्रयत्न झाला, तेथे तो टिकला नाही.

भारतातील काही प्रयोगांशी त्याची तुलना उद्‌बोधक ठरते. अहमदाबाद येथे १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या झोपडपट्टी जोडणी योजनेत प्रत्येक कुटुंबाने २,००० रुपये द्यावेत व उरलेला भार महानगरपालिका आणि अन्य संस्था यांनी उचलावा, अशी तरतूद होती. म्हणजे तेथे घटकांऐवजी खर्चाची वाटणी होती. महाराष्ट्रात पुणे महानगरपालिकेने १९९९ नंतरच्या दोन वर्षांत स्वयंसेवी संस्थांमार्फत झोपडपट्ट्यांत चारशेहून अधिक सामुदायिक स्वच्छतागृहे बांधली. त्यांचा भांडवली खर्च पालिकेने केला व निगा राखण्याचे काम रहिवाशांच्या मासिक वर्गणीवर सोपविले. या कामात पुढाकार घेणारी, मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘स्पार्क’ ही संस्था व ओरंगी प्रकल्प यांचा आशियाई गृहनिर्माण-हक्क आघाडीच्या (स्थापना १९८८) द्वारे निकटचा संबंध होता व दोहोंच्या कार्यकर्त्यांत अनुभवांची देवाणघेवाण होत असे. पुण्यातच २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या परिसरातील पदपथ, दिवे, बसथांबे यांसारखी कामे सुचवून घेण्याची प्रथा सुरू झाली. तीत निवड नागरिकांची असली, तरी पैसा व अंमलबजावणी पालिकेची असते. ओरंगीत आखणी, पैसा व अंमलबजावणी ही तिन्ही गल्लीच्या हाती होती, हे तिचे वेगळेपण होय.

मर्यादा व टीका : प्रकल्पावरील सर्वांत गंभीर आक्षेप न्यायासंबंधीचा आहे. शहरातील सुखवस्तू भागांना गटारे, रस्ते व पाणी सार्वजनिक निधीतून मिळत असताना सर्वांत गरीब लोकांनीच आपल्या खिशातून पैसे भरून ती बांधावीत, हे कितपत उचित आहे, असा प्रश्न विचारला जातो. स्वावलंबनाच्या कौतुकामुळे शासनाला आपले कर्तव्य टाळण्यास निमित्त मिळते, असेही म्हटले जाते. याला प्रकल्पाच्या वतीने असे उत्तर देण्यात येते, की फुकट मिळणाऱ्या गटाराची वाट पाहण्यातही गरिबांचेच नुकसान होते. ते आजारपण, औषधांचा खर्च व मुलांचे मृत्यू या रूपांत त्यांना भरावेच लागते. शिवाय अंतर्गत काम पूर्ण केलेली वस्ती बाह्य कामाची मागणी अधिक आत्मविश्वासाने करू शकते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. घटकांची वाटणी ही दुपक्षी असून तिची खरी कसोटी दुसऱ्या पक्षाने आपला वाटा उचलला की नाही, यावर लागते.

ही कसोटी समाधानकारक ठरली असे म्हणता येत नाही. लोकांनी बांधलेल्या गटारांचे पाणी नैसर्गिक नाल्यांतून ल्यारी नदीत व तेथून अरबी समुद्रात जात राहिले. काही नाल्यांचे बंदिस्त मुख्य गटारांत रूपांतर करण्यात आले. तथापि शुद्धीकरणाची व्यवस्था शहराच्या गरजेच्या मानाने फार तोकडी राहिली. नाल्यांचे पात्र कचरा व बांधकामे यांमुळे अरुंद होत गेले. ऑगस्ट २०२० मध्ये कराचीत झालेल्या अतिवृष्टीने शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. त्यानंतर २०२१ मध्ये गुज्जर व ओरंगी या नाल्यांच्या काठची हजारो घरे अतिक्रमणे म्हणून पाडण्यात आली. ज्या नाल्यांच्या आधारे गल्ल्यांची गटारे उभी राहिली, त्यांच्याच काठावरील अनेक कुटुंबे अशा रीतीने बेघर झाली.

या कार्याला आणखी एक किंमत द्यावी लागली. गटारांसाठी काढलेल्या नकाशांतून ओरंगीच्या संस्थेने पुढे सर्व शहराच्या नाल्यांची, पाण्याच्या चोरट्या विक्रीची व कराचीच्या परिघावरील खेड्यांच्या जमिनींची नोंद करण्याचे काम हाती घेतले. नकाशावर नाव असलेल्या गावाची जमीन बळकावणे अवघड जाते, ही त्यामागील दृष्टी होती. या कामाचे नेतृत्व करणाऱ्या परवीन रहमान यांची १३ मार्च २०१३ रोजी कराचीत गोळ्या घालून हत्या करण्यात आली.

ओरंगीच्या अनुभवाचे सार असे सांगता येईल, की गरीब वस्तीत पैशापेक्षा विश्वासाची व ज्ञानाची उणीव अधिक असते आणि दोन्ही गल्लीच्या आकाराच्या लहान समूहात भरून काढता येतात. घराच्या उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंतचे काम शेजाऱ्यांच्या वर्गणीतून व श्रमांतून होऊ शकते, हे तेथील हजारो गल्ल्यांनी दाखवून दिले. गल्लीच्या तोंडापासून समुद्रापर्यंतचे काम मात्र वर्गणीने होत नाही. ते शहराचे आहे व बव्हंशी अपुरे राहिले आहे.